बंधाऱ्यावरची बदकं हाकलून कोंबड्या वाचतील का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. येत्या शुक्रवारी आमच्या गावात ग्रामसभा आहे. त्याआधी इथल्या जाणकारांशी बोलावं म्हणून हा धागा काढतेय. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी निफाड तालुक्यातली. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यामागच्या पाणथळापासून आमची वस्ती पायी वीस मिनिटांवर. द्राक्षबाग, दोन गाई आणि परसात साठेक गावरान कोंबड्या. अंडी नाशिकला जातात, त्यावर घरातला किराणा निघतो. थंडी पडली की गोदावरी-कादवेच्या संगमावर तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक, वारकरी असे पाणपक्षी हजारोंनी उतरतात. २०२० साली ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली, तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते.

आता गावातल्या काही जणांची मागणी अशी की ही पाखरं बाहेरून बर्ड फ्लू घेऊन येतात, तर पाण्याकाठी सुतळी बॉम्ब लावून त्यांना उठवून लावावं. मागणी करणारे बहुतेक पोल्ट्रीवाले आहेत. कर्ज काढून शेड बांधलेली माणसं आहेत ती, त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण उपाय चुकीचा आहे असं मला मनापासून वाटतं. का, ते माझ्या अंगणातूनच सांगते.

दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत माझ्या नऊ कोंबड्या चार दिवसांत गेल्या. हिरवट पातळ विष्ठा, पंख लुळे पडलेले, आणि मान पिळवटून पाठीकडे गेलेली. पायाशी धडपडणारी कोंबडी स्वतःच्या मानेकडे बघायला जातेय की काय असं वाटायचं. शेजारी म्हणाले, बंधाऱ्यावरच्या बदकांचा बर्ड फ्लू. महिनाभर कुणी आमची अंडी घेतली नाहीत. नमुने तपासून आले तेव्हा कळलं की ती मानमोडी होती, म्हणजे राणीखेत. आठ दिवस आधी मी आठवडे बाजारातून दोन तलंगा आणल्या होत्या आणि त्याच दिवशी कळपात सोडल्या होत्या. त्या वर्षी लसीची फेरीही माझ्याकडून राहिली होती. रोग बाजारातून आला, डालग्यात बसून, माझ्याच हातानं. आळ मात्र बदकांवर.

त्यानंतर एका सकाळी वही घेऊन खुराड्यासमोर बसले. साडेसहा ते नऊ. कोण कोण येतं ते लिहून काढलं. चिमण्या मोजता येईनात इतक्या. कावळे सात. साळुंक्या तीन. गायबगळे दोन. बदक एकही नाही. दोनांपैकी एक बगळा पाण्याच्या पसरट भांड्यात दोन्ही पाय रोवून उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं, तिथेच शिटला आणि गाईच्या मागे निघून गेला. मिनिटभरात कोंबड्या त्याच भांड्याला लागल्या. एका कावळ्यानं भाकरीचा वाळका तुकडा आणून त्याच पाण्यात बुडवला, मऊ करून खाल्ला.

हा बगळा सकाळी उठून येतो कुठून? बंधाऱ्यावरूनच. म्हणजे पाणपक्ष्यांचा आणि माझ्या कोंबड्यांचा संबंध नाही असं मला म्हणता येत नाही. संबंध आहे, पण तो त्या भांड्यात आहे. बदक हाकलून भांडं उघडंच ठेवलं तर काय साधलं?

ज्यांनी बर्ड फ्लूची साथ जवळून पाहिलीय, पाणथळांचा अभ्यास केलाय, पोल्ट्री चालवलीय, त्यांनी लिहावं. शुक्रवारी मला बोलायचंय आणि नुसत्या पक्षीप्रेमावर कुणी ऐकणार नाही.

निवृत्त पशुवैद्य

ताई, धागा वेळेवर काढलात. वहीचा प्रयोग तर प्रत्येक कुक्कुटपालकानं करावा.

मी फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला होतो. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तो. नंदुरबार जिल्हा, गुजरातच्या हद्दीला लागून, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव, अंड्यांचा मोठा धंदा. भोपाळच्या प्राणीरोगांच्या प्रयोगशाळेनं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा जीवघेणा विषाणू, असल्याचा निर्वाळा दिला आणि आम्ही पांढरे पोशाख, गॉगल, दोन-दोन हातमोजे चढवून शेडमध्ये शिरलो. फेब्रुवारीतल्या त्या उन्हात पोशाखाच्या आत घाम पोटऱ्यांपर्यंत ओघळायचा. लाखो पक्षी मारून खड्ड्यात चुन्याखाली गाडले. एका मालकानं पिंजऱ्याची दारं स्वतः उघडून दिली आणि नंतर रस्त्यापलीकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून बसून राहिला. आजही तो पाठमोराच आठवतो. त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचं निष्पन्न झालं नाही, ही जमेची बाजू.

तिथे मी जे पाहिलं ते असं: शेडला शेड खेटलेली. एकच गाडी पाच फार्मांवर खाद्य टाकत फिरणार. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे एका फार्मवरून बाजारात आणि बाजारातून दुसऱ्याच फार्मवर. कामगार सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे, चप्पल तीच. विषाणू एकदा आत आला की त्याला पंखांची गरज उरत नाही.

सगळ्यांसाठी एक मूलभूत गोष्ट. रानबदकांच्या आतड्यात फ्लूचे विषाणू पिढ्यानपिढ्या राहत आलेत आणि सहसा बदकांना त्यांचा त्रास होत नाही. ते विष्ठेतून पाण्यात उतरतात आणि थंड पाण्यात बराच काळ टिकतात. एच५ किंवा एच७ जातीचा असा सौम्य विषाणू दाटीवाटीनं ठेवलेल्या कोंबड्यांत शिरला की पक्ष्यामागून पक्ष्यात जाताना कधीकधी बदलतो आणि जीवघेणा होतो. आज जगभर फिरणाऱ्या एच५एन१चा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात सापडला, तोही पाळीव हंसांत. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, ६ दगावली. हे सगळं कोंबडीबाजारांभोवती घडलं.

जयू

वाचतेय. मध्येच साधा प्रश्न विचारते: अशा बातम्या आल्या की चिकन-अंडी बंद करावीत का? सासूबाई दरवेळी घाबरतात.

निवृत्त पशुवैद्य

@जयू, नीट शिजवलेलं खा. ७० अंश सेल्सिअसला हा विषाणू मरतो आणि आपला रस्सा त्याहून कितीतरी जास्त रटरटतो. अर्धंकच्चं अंडं आणि कच्चं मांस मात्र टाळा. कच्चं चिकन धुताना उडणारं पाणी, सुरी, पाट यांची काळजी घ्या, आणि आजारी किंवा आपोआप मेलेली कोंबडी स्वस्तात मिळते म्हणून कधीही घेऊ नका. हा रोग माणसाला क्वचित होतो, पण झाला तर जीवावर बेततो. जुलै २०२१ मध्ये हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये गेला, तो देशातला एच५एन१चा पहिला मानवी बळी.

आपल्या राज्यातलंही एक उदाहरण आहे. २०१९ मध्ये मेळघाटातल्या १७ महिन्यांच्या मुलाच्या नमुन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला एच९एन२ हा बर्ड फ्लूचाच दुसरा विषाणू सापडला. देशात माणसात त्याची ती पहिलीच नोंद. मूल बरं झालं. एच९एन२नं कोंबड्या अशा पटापट मरत नाहीत, त्यामुळे तो कळपात आहे हे मालकाच्या लक्षातही येत नाही.

शेडवाला

ताई, राग मानू नका, पण साठ कोंबड्यांचं गणित वेगळं आणि पाच हजारांचं वेगळं. मी कंपनीच्या करारावर ब्रॉयलर करतो. २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि बातमी टीव्हीवर गेली. माझी शेड तिथून शेकडो किलोमीटर लांब. एकही पक्षी आजारी नव्हता. तरी माल उचलला गेला नाही. पंचेचाळीस दिवसांचा पक्षी साठ दिवस पोसला, रोज खाद्य ओतत. त्या काळात मुलीच्या कॉलेजची फी मी मेहुण्याकडून उसनी घेतली. आणि आता पाणथळावर ढगासारखे पक्षी उठताना बघितले की पोटात गोळा येतो. तुम्ही म्हणता पक्षी निर्दोष. मग रोग दरवर्षी थंडीतच का येतो?

पाणपक्षी

@शेडवाला, तुमचा प्रश्न रास्त आहे. पक्षी निर्दोष असं ताईंनी म्हटलेलं नाही, मीही म्हणणार नाही. थंडीत पाणी गार असतं, विषाणू जास्त टिकतो, आणि त्याच काळात मध्य आशियाई उड्डाणमार्गानं लाखो पक्षी एकमेकांत मिसळतात. म्हणून हिवाळा.

पण या पक्ष्यांचं काय होतं तेही बघा. २००५च्या उन्हाळ्यात चीनच्या छिंगहाय सरोवरावर हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब सर्वांत जास्त. हिमालय ओलांडून येणारा हंस हा, डोक्यावर दोन काळे पट्टे. मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकादंब आपल्याकडे नोंदले गेलेत. डिसेंबर २०२०च्या अखेरीस हिमाचलच्या पोंग धरणावर हेच हंस मरू लागले, आठवड्याभरात दोन हजारांवर. पाळीव कळपांतून रानात गेलेला विषाणू आता त्यांना मारतोय. म्हणजे आपल्या कोंबड्या आणि हे हंस दोघंही एकाच आगीत होरपळताहेत.

आता फटाक्यांचं. हे मी पोटतिडकीनं सांगतोय, कारण आमच्याकडच्या एका तलावावर हे करून झालंय. पहाटे बॉम्ब लागले. पक्षी उठले, दोन घिरट्या घातल्या आणि गेले कुठे? आजूबाजूच्या शेततळ्यांवर, कॅनॉलच्या चाऱ्यांवर, ओल्या उसात. ती शेततळी होती पोल्ट्रीच्या शेजारी आणि त्यातलंच पाणी शेडच्या टाकीत जायचं. जो पक्षी दिवसभर एका मोठ्या पाण्यावर झोपून काढला असता, तो चार गावांत विखुरला. दमलेला, उपाशी पक्षी आजाराला लवकर बळी पडतो हे वेगळंच. शिवाय नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे, तिथे पक्ष्यांना असा त्रास देणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हेही शुक्रवारी सांगा.

तळकोकणी

धागा बर्ड फ्लूचा आहे, पण पक्ष्यांवरच्या आळाची एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही दोडामार्गचे.

१९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली, पाठोपाठ माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं विषाणू शोधला, तर तो रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला. साहजिकच संशय गेला सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांवर: त्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तर हा आला नाही ना? याच शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेनं मदत केली आणि सालिम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं पक्षी पकडून, पायात वाळे घालून, अंगावरच्या गोचिडा वेचून मोठा अभ्यास उभा केला. रोगाचं मूळ मात्र परदेशी पाहुण्यांत सापडलं नाही. विषाणू इथल्याच जंगलात, इथल्याच गोचिडांत होता. रान तुटलं, गुरं आत चरायला गेली, माणसं लाकडाला गेली, आणि तो आपल्यापर्यंत पोचला. त्या अभ्यासातून भारतातल्या पक्षी-स्थलांतराची जी माहिती हाती आली, ती आजही कामी येते.

तोच माकडताप २०१६ मध्ये आमच्या दोडामार्गात आला, त्याच्या आसपासच पलीकडे गोव्यात सत्तरीत. काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच. माझी आत्या काजू वेचायला गेली आणि आठव्या दिवशी अंथरुणाला खिळली. वाचली, पण पुढे महिनाभर पायऱ्या चढताना तिचे हात थरथरायचे. गावात तेव्हाही कुणी माकडांना मारा म्हणत होतं. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडा खाली उतरून पाचोळ्यात पसरतात, म्हणजे मारणाऱ्याच्याच पायाशी. शेवटी कामी आलं ते पूर्ण अंगभर कपडे, अंगाला लावायचं तेल, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, आणि मेलेल्या माकडाला हात न लावता लगेच आरोग्य केंद्रात कळवणं.

जयू

@तळकोकणी, अंगावर काटा आला. आत्यांना नमस्कार सांगा.

उदगीरची

आमच्याकडे जानेवारी २०२५ मध्ये कावळे पडले. पन्नासहून जास्त. झाडाखाली बसलेला कावळा माणूस जवळ गेला तरी उडेना, मान खाली घालून डुलत होता आणि तसाच कलंडला. भोपाळचा अहवाल आला: एच५एन१. पोरं काठीनं ढोसत होती, त्यांना आधी लांब केलं.

कावळा काही सायबेरियातून येत नाही. तो खातो आपला उकिरडा. कुणीतरी मेलेल्या कोंबड्या, आतडी, पिसं उघड्यावर टाकतं आणि कावळे, कुत्री, मांजरं त्यावर तुटून पडतात. नागपूरला गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१नं गेले, ते याच सुमारास. मांजरकुळाला हा विषाणू आजारी पक्षी किंवा कच्चं मांस खाण्यातून लागतो आणि झेपत नाही. मेलेली कोंबडी ओढ्यात फेकणाऱ्यावर ग्रामसभेत दंड लावायचा ठराव करा ताई. त्यात एक रुपयाही खर्च नाही.

मिनेसोटावासी

मूळची सांगलीची, आता अमेरिकेतल्या टर्की-पालनाच्या राज्यात राहते. इथलं चित्र थोडं वेगळं आहे आणि ते लपवू नये असं वाटतं.

२०१५च्या साथीत इथे तपासात दिसलं की रोग बहुतांशी फार्मवरून फार्मवर गेला: गाड्या, अवजारं, माणसं. म्हणजे डॉक्टरसाहेबांनी नवापूरला पाहिलं तेच. पण २०२२पासूनच्या साथीत बहुतेक ठिकाणी विषाणू रानपक्ष्यांकडून नव्यानं आला, कारण आता तो रानपक्ष्यांत फार मोठ्या प्रमाणावर पसरलाय. म्हणून "पक्ष्यांचा काही संबंध नाही" असं ग्रामसभेत म्हणू नका. ते खरं ठरणार नाही आणि शेडवाल्यांसारखी माणसं पुढचं ऐकणार नाहीत.

मार्च २०२४ मध्ये टेक्सासमध्ये हा विषाणू दुभत्या गाईंत सापडला. गाई सहसा मरत नाहीत, पण दूध घटतं, घट्ट पिवळसर होतं आणि त्यात विषाणू खच्चून भरलेला असतो. गोठ्यातली मांजरं ते कच्चं दूध पिऊन मेली. गाईगाईंत तो मुख्यतः दूध काढायच्या यंत्रांतून आणि गुरांच्या वाहतुकीतून फिरला. म्हणजे आत आणला पक्ष्यानं, पसरवला आपण. ताई, तुमच्याकडे दोन गाई आहेत. भारतात असं काही घडलेलं मी ऐकलेलं नाही, पण दूध उकळून घ्यायची आपली सवय सोडू नका आणि कोंबड्यांचं भांडं गाईच्या गव्हाणीजवळ ठेवू नका.

निवृत्त पशुवैद्य

मिनेसोटाच्या ताईंशी पूर्ण सहमत. मीही नवापूरच्या अनुभवावर फार विसंबलो होतो. वीस वर्षांत विषाणू बदललाय.

बगळ्यांबद्दल थोडं. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळे-ढोकऱ्यांत असतो, भातखाचरातल्या क्युलेक्स डासांतून डुकरांत जातो, तिथे वाढतो आणि डासांमार्फत माणसात येतो. आपल्याकडे भंडारा, गडचिरोलीच्या भातपट्ट्याला तो ठाऊक आहे. तिथेही बगळे मारा असं कुणी शहाणा म्हणत नाही. मुलांना लस देतात, डास आवरतात, डुकरं वस्तीपासून लांब ठेवतात.

नुकसानभरपाईचं स्पष्ट बोला, कारण लपवालपवी तिथूनच सुरू होते. सरकार पैसे देतं ते त्यांनी मारलेल्या पक्ष्यांचे, आधीच मेलेल्यांचे नाही. २०२१ मध्ये राज्यात आठ आठवड्यांवरच्या अंड्यावरच्या कोंबडीला ९० रुपये आणि सहा आठवड्यांवरच्या ब्रॉयलरला ७० रुपये दर होता. म्हणजे जो दोन दिवस वाट बघतो, त्याचे पैसेही जातात. उद्रेक ठरला की एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारल्या जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालते. एका घरानं लपवलं तर शिक्षा साऱ्या शेजाराला.

शेडवाला

डॉक्टर, तो दर खर्चाला पुरत नाही हेही लिहा. आणि करारावरच्या माणसाला त्यातलं हातात किती येतं हा प्रश्न वेगळाच. पण एक कबूल करतो. माझ्या शेडच्या दक्षिणेच्या जाळीला दीड वर्षापासून भोक आहे. पोत्यानं झाकलंय. आणि टाकीत पाणी शेततळ्याचंच जातं. पाणपक्षी यांनी लिहिलेलं वाचून काल संध्याकाळी जाऊन बघितलं, तळ्याच्या काठावर विष्ठेचे पांढरे पट्टे होते. क्लोरीनची पावडर आज आणली.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. शेडवाले दादा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. शुक्रवारी पहिल्यांदा तुमच्यासारख्यांच्या नुकसानीचं बोलणार, पक्ष्यांचं नंतर.

मागण्या अशा मांडतेय: फटाके नाहीत. मेलेल्या कोंबड्यांसाठी गावाचा एक झाकलेला खड्डा आणि चुन्याची फक्की, उघड्यावर टाकल्यास दंड. शेडच्या दारात पाय बुडवायला जंतुनाशकाचं घमेलं आणि आतल्या चपला आतच. शेततळ्याचं पाणी क्लोरीन टाकल्याशिवाय कोंबड्यांना नाही. बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा. मानमोडीची लस साऱ्या गावात एकाच दिवशी. बंधाऱ्यावर मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता वनरक्षकाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन. जाळीसाठी पंचायतीच्या निधीतून काही मिळतं का, ते विचारणार.

माझं पसरट भांडं मी काढून टाकलंय. आता निप्पलची नळी लावलीय, चोच मारली की थेंब देणारी, छपराखाली. पहिले दोन दिवस कोंबड्यांना कळेना, मग एकीनं चोच मारली आणि बाकीच्या रांगेत आल्या. बगळा अजून येतो, भांड्याच्या जागी उभा राहतो आणि गाईमागे जातो.

एक विचारायचं राहिलं. जाळी एक इंची घ्यावी का? दुकानदार तीच चालेल म्हणतोय, स्वस्तही आहे.

शेडवाला

एक इंचीतून चिमणी शिरते ताई, मी फसलोय त्यात. पाऊण इंचाहून मोठी घेऊ नका. छपराच्या आणि भिंतीच्या मधली फट आधी मोजा, सगळे तिकडूनच आत येतात. तुमचं गाव माझ्यापासून तासाभरावर आहे, शुक्रवारी मीही येतो. पोल्ट्रीवाल्यांशी मी बोलतो.